सहा बोर्डांच्या क्लस्टरमधील नोड मध्येच नाहीसे होतात : दोष स्विचचा की आणखी कशाचा?

प्रश्न

नमस्कार. कोकणातील एका तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतनात मी संगणक विषय शिकवते. समांतर संगणनाची प्रात्यक्षिके प्रत्यक्ष यंत्रांवर घेता यावीत म्हणून आम्ही सहा रास्पबेरी पाय बोर्डांचा (तळहाताएवढ्या संगणकांचा) एक छोटा क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणारा संगणकांचा गट, उभा केला आहे; त्यातील प्रत्येक बोर्ड म्हणजे एक नोड. नोड १ ते ४ हे रास्पबेरी पाय ४ आहेत, तर नोड ५ आणि ६ हे विभागात आधीपासून पडून असलेले ३बी प्लस आहेत. सर्व बोर्ड आठ पोर्टच्या एका साध्या गिगाबिट स्विचला आणि तो स्विच प्रयोगशाळेच्या राउटरला जोडलेला आहे. वीज सहा पोर्टच्या एकाच ६० वॅटच्या यूएसबी चार्जरवरून एक-एक मीटरच्या केबलींनी दिली आहे. नोड १ वरील फोल्डर बाकीच्यांना एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीने) मिळतो आणि कामे ओपन एमपीआयने (एकच गणना अनेक यंत्रांवर चालवणाऱ्या प्रणालीने) वाटली जातात. सर्व बोर्डांना १९२.१६८.१.१०१ ते १०६ असे स्थिर पत्ते मी हाताने दिलेले आहेत.

अडचण अशी की, कोणता ना कोणता नोड मध्येच नेटवर्कवरून नाहीसा होतो. कधी तीन-चार सेकंदांत परत येतो, कधी मिनिटभर लागते, कधी दहा मिनिटे सापडत नाही आणि मग आपोआप दिसू लागतो. ओपन एमपीआयमध्ये एक प्रक्रिया गेली की संपूर्ण काम बंद पडते, त्यामुळे वीस मिनिटे चाललेली गणना शेवटच्या टप्प्यावर वाया जाते आणि विद्यार्थ्यांचा तास त्यातच संपतो. मुले उत्साहाने आकृत्या काढून, आज्ञावली लिहून तयार होऊन येतात आणि त्यांना निकाल पाहायला मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मी आतापर्यंत स्विच बदलून पाहिला, सर्व पॅच केबली बदलल्या आणि दोन बोर्डांवर रास्पबेरी पाय ओएस नव्याने टाकली. फरक पडला नाही. नोड २ ची जोडणी नवीन केबल लावूनही १००० ऐवजी १०० मेगाबिटवरच उभी राहते, हेही नोंदवून ठेवते. येत्या महिन्यात खरेदी समितीकडे प्रस्ताव द्यायचा आहे. नियंत्रण करता येणारा महाग स्विच मागावा का, एवढाच माझा प्रश्न होता, पण त्याआधी कारण समजले तर अधिक बरे.

उत्तर १

मॅडम, स्विचचा प्रस्ताव तूर्त थांबवावा. स्विच बदलूनही वर्तन तसेच राहिले, यावरून तो निर्दोष असण्याची शक्यता अधिक दिसते. आपण तीन वेगवेगळ्या कालावधींचा उल्लेख केला आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. तीन सेकंद, एक मिनिट आणि दहा मिनिटे ही एकाच दोषाची लक्षणे असतीलच असे नाही. "नोड नाहीसा झाला" या एका वाक्यात तीन निरनिराळ्या घटना लपू शकतात: केबलवरील जोडणी तुटली, जोडणी शाबूत असूनही पाकिटे (डेटाचे तुकडे) चुकीच्या ठिकाणी गेली, किंवा नेटवर्क पूर्ण ठीक असताना बोर्डच बंद पडून पुन्हा सुरू झाला. पलीकडे बसलेल्या माणसाला एसएसएचची (दुरून बोर्डाला आज्ञा देण्याची) खिडकी तिन्ही वेळा सारखीच गोठलेली दिसते.

म्हणून प्रत्येक नोडसाठी वहीचे स्वतंत्र पान करावे आणि नोड परत आल्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, "अपटाइम -एस" ही आज्ञा. ती बोर्ड कधी सुरू झाला ते सांगते, आणि ती वेळ काही मिनिटांपूर्वीची असेल तर नेटवर्कचा विचार तेथेच सोडून द्यावा. दुसरी, "डीमेसेज" मध्ये (बोर्डाच्या अंतर्गत संदेशांत) "लिंक इज डाउन" आणि "लिंक इज अप" अशा ओळी आहेत का आणि कोणत्या वेळेच्या आहेत. तिसरी गोष्ट नोड नाहीसा असतानाच पाहायची आहे: आपल्या लॅपटॉपवर "आयपी नेबर" देऊन त्या पत्त्यासमोर कोणता मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचा स्वतःचा क्रमांक) दिसतो तो लिहून ठेवावा.

दोन सावधगिऱ्या. या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे सुरू झाल्यानंतर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंतच्या नोंदींवरील तारीख-वेळ विश्वासार्ह नसते. तसेच /व्हार/लॉग/जर्नल ही निर्देशिका नसेल तर जर्नल (प्रणालीने ठेवलेल्या नोंदी) फक्त मेमरीत राहते आणि बोर्ड पुन्हा सुरू होताच पुरावा पुसला जातो. निर्देशिका असली तरी अचानक वीज गेल्यास शेवटच्या नोंदी कार्डावर पोहोचलेल्या नसतात. यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक नोडवर एसएसएचने जाऊन "डीमेसेज -डब्ल्यू" चालू ठेवावे आणि त्या सहा खिडक्या लॅपटॉपवर उघड्या ठेवाव्यात. नोड मेला तरी त्याचे शेवटचे शब्द आपल्या पडद्यावर उरतात.

प्रश्नकर्तीची नोंद, पाच दिवसांनंतर

आपण सांगितल्याप्रमाणे पाने केली आणि मला खरोखरच आश्चर्य वाटले, कारण सहा पानांवर तीन वेगळ्या कहाण्या निघाल्या.

नोड ३ मिनिटभरासाठी जातो तो प्रत्येक वेळी "एमपीआयरन" (गणना सुरू करण्याची आज्ञा) दिल्यानंतर काही क्षणांतच. परत आल्यावर "अपटाइम -एस" त्याच मिनिटाची वेळ दाखवते. खिडकीत उरलेली शेवटची ओळ "अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड" अशी आहे. गणना पूर्ण झालीच तर हा नोड इतर तिघांपेक्षा बराच मागे राहतो, हे पूर्वीही लक्षात आले होते. परंतु त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

नोड ५ आणि ६ तीन-चार सेकंदांसाठी जातात. तेथे "लिंक इज डाउन" आणि पाठोपाठ "लिंक इज अप" अशा जोड्या आहेत, बोर्ड मात्र पुन्हा सुरू झालेला नसतो. नवल असे की गणना जोरात चालू असताना हे होत नाही. क्लस्टर रिकामा असतो तेव्हा, विशेषतः संध्याकाळी, होते.

नोड ४ दहा-पंधरा मिनिटांसाठी जातो. त्याच्या लॉगमध्ये काहीच नाही, अपटाइम अनेक दिवसांचा आहे, स्विचवरचा दिवा व्यवस्थित लुकलुकतो. लॅपटॉपवरून पिंगला (यंत्र नेटवर्कवर आहे का हे विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर येते, पण एसएसएच "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणते. हे केवळ प्रात्यक्षिकाच्या तासाला घडते. "आयपी नेबर" मध्ये १०४ समोर एरवी डीसी:ए६:३२ ने सुरू होणारा मॅक पत्ता असतो, तर त्या वेळी ५ई ने सुरू होणारा दिसला. स्थिर पत्ते देताना राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची मर्यादा मी पाहिली नव्हती; ती आता पाहिली असता १०० ते १९९ अशी आहे.

उत्तर २

नोड ३ विषयी लिहितो, कारण विजेच्या बाबतीत बहुतेकांची जी समजूत असते तीच आपलीही झालेली दिसते. सहा पोर्टना ६० वॅट म्हणजे प्रत्येकी १० वॅट, आणि पाय ४ चारही कोअर (प्रोसेसरचे गणना करणारे भाग) राबवताना साधारण ६ ते ७ वॅट घेतो. तेव्हा चार्जर पुरेसा आहे, असा हिशेब आपण केला असेल. तो हिशेब चुकीचा नाही, पण तो चार्जरच्या तोंडापर्यंतचाच आहे. बोर्डापर्यंत काय पोहोचते हे केबल ठरवते.

चार्जरबरोबर मिळणाऱ्या साध्या केबलींमध्ये विजेच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या तर एक मीटर केबलीचा ०.४३ ओहम झाला. बोर्ड रिकामा असताना ०.६ अँपिअर घेतो, म्हणजे पाव व्होल्ट केबलीतच खर्च होऊन ४.७४ व्होल्ट पोहोचतात. चारही कोअर एकदम कामाला लागले की प्रवाह १.३ अँपिअरच्या आसपास जातो, ०.५५ व्होल्ट वाटेत जातात आणि बोर्डाला ४.४५ व्होल्टच मिळतात. रास्पबेरी पायची इशारा-मर्यादा ४.६३ व्होल्ट आहे. रिकामा असताना सर्व ठीक आणि "एमपीआयरन" देताच कोसळणे, या आपल्या निरीक्षणाशी हा आकडा तंतोतंत जुळतो. कंपनीचा मूळ अ‍ॅडॉप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो, तो वाटेतील ही घट भरून काढण्यासाठीच.

खात्री करण्यासाठी नोड ३ वर "स्ट्रेस-एनजी" ने चारही कोअर गुंतवावेत आणि दुसऱ्या खिडकीत "व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड" दर सेकंदाला चालवावे. ०एक्स० म्हणजे निर्दोष. ०एक्स५०००५ आले तर याच क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेगही खाली आणलेला आहे. ०एक्स५०००० म्हणजे आता ठीक आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी तसे घडून गेले आहे. हा नोड मागे का राहतो, याचेही उत्तर यातच आहे. बोर्ड पुन्हा सुरू झाला की ही स्मृती पुसली जाते, म्हणून घटनेनंतर ०एक्स० दिसले तरी त्यावर विसंबू नये.

मल्टिमीटर असेल तर भार चालू असताना जीपीआयओच्या (बोर्डावरील पिनांच्या रांगेतील) ४ आणि ६ क्रमांकाच्या पिनांमध्ये व्होल्टेज मोजावे. पिना फार जवळ असतात. मीटरचे टोक १ आणि २ या पिनांना एकाच वेळी टेकले तर ५ व्होल्ट थेट ३.३ व्होल्टच्या मार्गात जाऊन बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम विद्यार्थ्यांकडे न देता स्वतः करावे.

उपाय स्वस्त आहे: विजेच्या तारा २० गेजच्या असलेल्या आखूड केबली. तेवढ्याच प्रवाहाला एक मीटर लांबीतही त्यांच्यात ०.१ व्होल्टहून कमी घट होते.

उत्तर ३

नोड ५ आणि ६ साठी एक तात्पुरता उपाय सुचवतो. "इथटूल" या आज्ञेने वेग १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) असा बांधून टाकावा आणि ऑटोनिगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपापसांत वेग ठरवणे) बंद करावे. माझ्याकडील एका जुन्या बोर्डाची जोडणी त्यानंतर स्थिर झाली. ३बी प्लसमध्ये इथरनेट यूएसबी २.० मार्गे जात असल्याने त्याचा वेग तसाही ३०० मेगाबिटच्या आसपासच अडतो, त्यामुळे गमावण्यासारखे फार नाही.

उत्तर १ देणाऱ्यांची पुरवणी

वरील सूचनेतील एका भागाला माझी स्पष्ट हरकत आहे. साध्या स्विचवर आपण बोर्डाच्या बाजूने ऑटोनिगोशिएशन बंद केले, तर स्विचला समोरून वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि मानकानुसार तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) धरतो. एक बाजू फुल, दुसरी हाफ. कमी रहदारीत हे जाणवत नाही. एनएफएसची मोठी फाइल सुरू झाली की टकरी वाढतात आणि एका अडचणीच्या जागी दुसरी, अधिक फसवी अडचण येऊन बसते. वेग कमी करूनच पाहायचे असेल तर ऑटोनिगोशिएशन चालू ठेवून "इथटूल" च्या "अ‍ॅडव्हर्टाइझ ०एक्स००८" या पर्यायाने फक्त १०० फुल जाहीर करावे. म्हणजे दोन्ही बाजूंचे एकमत होते.

पण ३बी प्लसच्या बाबतीत आधी पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. या बोर्डांचे इथरनेट ऊर्जा-बचतीचे मानक पाळते. हे आयईईईचे ८०२.३एझेड मानक २०१० चे आहे. रहदारी नसली की दोन्ही टोकांचे विद्युतमंडल क्षणभर झोपी जाते आणि पाकीट आले की जागे होते. काही स्विच आणि काही बोर्ड यांचे हे झोपणे-उठणे एकमेकांशी जमत नाही व जोडणीच तुटते. भरपूर काम असताना झोपायला वेळच मिळत नाही, म्हणून दोषही दिसत नाही. रिकाम्या संध्याकाळी आपले नोड का जातात, याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला सुचत नाही. दोन्ही बोर्डांच्या कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये "डीटीपॅरम=ईईई=ऑफ" ही ओळ घालून ते पुन्हा सुरू करावेत. नव्या प्रणालीत ही फाइल /बूट/फर्मवेअर मध्ये असते, जुन्यांमध्ये थेट /बूट मध्ये. त्याआधी या दोघांवरही "गेट_थ्रॉटल्ड" पाहून घ्यावे, कारण इथरनेट यूएसबीवर असल्याने तेथे व्होल्टेज पडले तरी जोडणी जाऊ शकते. शिवाय नोड ५ ची केबल स्विचवर नोड १ च्या पोर्टमध्ये लावून एक रात्र जाऊ द्यावी. दोष पोर्टकडे राहतो की बोर्डाबरोबर जातो ते कळेल. एका वेळी एकच बदल करावा आणि त्या बदलाची वेळ वहीत लिहावी.

नोड ४ चे उत्तर आपण स्वतःच शोधून आणले आहे. डीसी:ए६:३२ हा रास्पबेरी पाय ४ चा ओळखीचा उपसर्ग आहे. ५ई हा कोणत्याही कंपनीचा नाही: मॅक पत्त्याच्या पहिल्या बाइटचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता यंत्राने स्वतः रचलेला असतो, आणि आजचे मोबाइल वायफायला जोडताना असेच पत्ते रचतात. आपण १०१ ते १०६ हे पत्ते हाताने दिलेत आणि राउटर १०० ते १९९ वाटतो, म्हणजे आपले पत्ते त्याच्याच वाटपात सापडले आहेत. क्लस्टर सुट्टीत बंद असताना राउटरला १०४ मोकळा दिसला आणि त्याने तो एखाद्या विद्यार्थ्याच्या फोनला दिला. तो फोन पुन्हा वायफायच्या टप्प्यात आला की आपला जुना पत्ता मागतो आणि राउटर स्वतःच्या नोंदी पाहून तो देतो. पिंगला उत्तर फोनकडून येत होते. फोनवर एसएसएच चालू नसल्याने जोडणी नाकारली जात होती. तास असला की फोन येतात, म्हणून दोषही तासालाच येतो. राउटरमध्ये वाटपाची सुरुवात १२० पासून करावी, जुनी वाटपे पुसण्यासाठी राउटर एकदा बंद करून सुरू करावा, आणि वर्गातील फोनही वायफायवरून काढून पुन्हा जोडायला सांगावे.

उत्तर ४

नोड २ कडे कोणी पाहिले नाही म्हणून थोडे लिहिते. मीही समुद्राजवळच राहते. १०० मेगाबिटला आठपैकी १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, १००० ला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एकीचा जरी संपर्क गेला तरी जोडणी १०० वर येऊन चालू राहते आणि कोणाला शंकाही येत नाही. आपण केबल नवीन लावली तरी बोर्डावरील सॉकेट जुनेच आहे. पावसाळ्यातील खाऱ्या, दमट हवेत स्वस्त आरजे-४५ च्या, म्हणजे नेटवर्क केबलीच्या, टोकांवरील पातळ मुलामा जातो आणि खालचे तांबे हिरवट पडते. तोच थर सॉकेटच्या आतील तारांवरही बसतो. बोर्ड बंद करून सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहावे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरेसा होतो, पाणी किंवा सँडपेपर अजिबात नको. नवीन केबली घेताना "सीसीए" असे छापलेल्या, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, टाळाव्यात; क्रिंप केलेल्या टोकाशी त्या लवकर सैल पडतात.

प्रश्नकर्तीची नोंद, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. क्रमाने लिहिते.

नोड ३ वर भार देताच ०एक्स५०००५ आले आणि मीटरवर ४.४८ व्होल्ट दिसले. त्याची केबल नोड १ ला लावली, तर नोड १ तसाच वागू लागला आणि नोड ३ शहाणा झाला. केबलीविषयी शंका उरली नाही. चारही पाय ४ साठी अर्ध्या मीटरच्या जाड केबली आणल्या. आता दोन तासांच्या भारानंतरही ०एक्स० आहे, व्होल्टेज ४.९३ आहे आणि नोड ३ इतरांबरोबरच काम संपवतो.

राउटरचे वाटप १२० पासून केले. त्यानंतरच्या सात तासिकांत नोड ४ एकदाही गेला नाही. विद्यार्थ्यांना "आयपी नेबर" मधील तो ५ई चा पत्ता दाखवला, तेव्हा तो फोन कोणाचा हे त्यांनीच शोधून काढले, आणि पत्ते कसे वाटले जातात हा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

नोड ५ चे पोर्ट बदलून पाहिले. दोष बोर्डाबरोबरच गेला. दोन्ही ३बी प्लसवर व्होल्टेज निर्दोष होते. नोड ५ वर ऊर्जा-बचत बंद केली आणि नोड ६ मुद्दाम तसाच ठेवला. चार दिवसांत नोड ६ वर "लिंक इज डाउन" एकोणीस वेळा आले, नोड ५ वर एकदाही नाही. मग नोड ६ वरही तीच ओळ घातली, त्याला आज अकरा दिवस झाले. दोन्ही लॉग स्वच्छ आहेत.

नोड २ च्या सॉकेटमध्ये खरोखरच हिरवट थर होता. पहिल्यांदा साफ केल्यावर जोडणी १००० वर आली, पण तीन दिवसांनी पुन्हा १०० वर उतरली. दुसऱ्यांदा अधिक काळजीने साफ केले, तेव्हापासून टिकून आहे. तरीही त्या बोर्डावर रोज सकाळी एकदा वेग पाहून वहीत लिहिते आहे.

स्विचचा प्रस्ताव मागे घेतला. त्याऐवजी सहा मूळ अ‍ॅडॉप्टर आणि बोर्ड ठेवण्यासाठी झाकण असलेली पेटी मागितली आहे.